खर्ज सांभाळणारे

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात 1938 मध्ये लिओ फेंडर यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. शिक्षण हिशेबाचं, हातात कसब विजेचं. गिटार मात्र त्यांना वाजवता येत नसे. बिघडलेले ॲम्प घेऊन वादक दुकानात येत आणि आपली गाऱ्हाणी सांगत. त्या काळी सगळ्यांत जास्त हाल उभ्या बासवाल्यांचे होते. माणसाहून उंच वाद्य गाडीच्या टपावर बांधून न्यायचं, आणि तिथे पोचल्यावर ट्रम्पेट-ड्रमच्या गर्दीत त्याचा खर्ज कुणाच्या कानापर्यंत जायचा नाही. 1951 च्या अखेरीस फेंडर यांच्या कारखान्यातून ‘प्रिसिजन बास’ ही विजेची बास गिटार बाहेर पडली. चार तारा, 34 इंचांची लांबी, नेमक्या सुरासाठी पडदे, आणि गळ्यात अडकवायला पट्टा. त्याआधी, 1930 च्या दशकात, सिएटलच्या पॉल टटमार्क यांनी अशी बास बनवली होती, पण ती फारशी चालली नाही. फेंडर यांची चालली.

या वाद्याच्या घडणीत दुरुस्ती करणाऱ्याची बुद्धी जागोजागी दिसते. नेक, म्हणजे सतारवाल्यांच्या भाषेत दांडी, धडाला सरसाने चिकटवलेली नाही. चार स्क्रूंनी आवळलेली आहे. वाकली, मोडली, तर काढा आणि दुसरी बसवा. तारेची उंची आणि लांबी बदलायला घोडीवर छोटे स्क्रू. आवाजाची बटणं एका पत्र्यावर, पत्रा उचलला की आतलं सगळं समोर. आपल्याकडे बास वाजवणारे बहुतेक हौशी लोक. दिवसभर नोकरी, आठवड्यातून एकदा मित्राच्या खोलीत किंवा कॅफेच्या कोपऱ्यात जॅम. त्यांना माझं एकच सांगणं आहे: ज्यानं साथीत ताल आणि सूर सांभाळायचा, त्याला आपलं वाद्यही स्वतः सांभाळता आलं पाहिजे. बास त्यासाठीच बनवलेली आहे.

तारांचा वाद या संदर्भात पाहण्यासारखा आहे. डेट्रॉइटमधल्या मोटाउन कंपनीच्या गाण्यांत 1960 च्या दशकात जेम्स जेमरसन बास वाजवत. साउथ कॅरोलिनातल्या एडिस्टो बेटावर 1936 मध्ये जन्मलेला हा माणूस आधी उभ्या बासचा वादक. 1962 ची प्रिसिजन बास हातात आल्यावरही उजव्या हाताची एकच तर्जनी वापरण्याची सवय त्यांनी सोडली नाही. बासला ‘ला बेला’ कंपनीच्या जाड, सपाट तारा होत्या, आणि त्या तुटल्याशिवाय ते बदलत नसत. म्हणून आजही हौशी वादक एकमेकांना सांगतात: तारा बदलू नका, जेमरसन कुठे बदलायचे!

ते अर्धंच खरं आहे. जेमरसन यांच्या तारांवर चपटी पट्टी गुंडाळलेली होती. अशी तार घाम आणि मळ खाऊन अधिक गोल, अधिक ठोस बोलते. घोडीच्या झाकणाखाली फोमची पट्टी असे, त्यामुळे सूर लांबत नसे, ठसा उमटवून थांबत असे. पण दुकानातून बास घेतली की तिला बहुधा गोल वेटोळ्यांच्या तारा असतात. ‘द हू’ या बँडचे जॉन एन्टविसल यांनी रोटोसाउंड कंपनीबरोबर 1960 च्या दशकात घडवून घेतल्या, त्या जातीच्या. त्यांचं तेज वेटोळ्यांमधल्या खाचांत असतं. खाचांत घाम आणि कातडीचा भुगा बसला की तार मुकी होते. अशा तारा उकळत्या पाण्यात घालून, पुसून, पूर्ण वाळवून पुन्हा चढवल्या की काही दिवस बोलतात. त्यापुढे बदलायलाच हव्यात. जेमरसन यांच्याकडून उचलायचंच असेल तर त्यांचं ऐकणं उचलावं. ढोलकऱ्याच्या पायातल्या ठोक्यात ते असे काही मिसळत, की दोन वाद्यांचं एक होई.

इतकं वाजवूनही त्यांचं नाव रेकॉर्डच्या पाकिटावर ठळक आलं ते 1971 मध्ये, मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. 1983 मध्ये ते गेले; त्याच्या काही दिवस आधी त्यांची ती बास चोरीला गेली होती. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातही वेगळं काही झालं नाही. आर. डी. बर्मन यांच्याकडे टोनी वाझ बास वाजवत. ती गाणी पाठ असलेल्या किती जणांना हे नाव माहीत आहे? तबकड्यांवर संगीतकार, गीतकार, गायक यांची नावं छापली जात. वादक बहुतेक वेळा बिननावाचेच राहत. आज मुंबईची मोहिनी डे बास घेऊन जगभराच्या रंगमंचांवर उभी राहते आणि लोक तिच्या नावासाठी तिकीट काढतात, याचा आनंद या पार्श्वभूमीवर मोठा आहे.

जॅमच्या रात्रींची गोष्ट सांगायची तर न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जावं लागतं. 118 व्या रस्त्यावर हेन्री मिंटन यांनी 1938 मध्ये ‘मिंटन्स प्लेहाउस’ उघडलं. वादकांच्या संघटनेचा नियम कडक होता: सभासदानं फुकट जॅम केलं तर दंड. मिंटन स्वतः संघटनेतले वजनदार गृहस्थ, त्यामुळे तिथे वादकांना धास्ती नव्हती. 1940 नंतर टेडी हिल व्यवस्था पाहू लागले; पियानोवर थेलोनिअस मंक, ड्रमवर केनी क्लार्क, बासवर निक फेंटन. येणारे-जाणारे बदलत, ही मंडळी जागेवर असत. सोमवारच्या रात्री वादकांना जेवण घातलं जाई. बीबॉप ही जॅझची नवी शैली तिथे आकाराला आली. इतिहास सांगताना मंक, गिलेस्पी, चार्ली ख्रिश्चन यांची नावं येतात, आणि ती यायलाच हवीत. पण रात्रभर, नवख्यापासून उस्तादापर्यंत प्रत्येकासाठी पायाखालची जमीन धरून ठेवणारा फेंटन नसता, तर त्या प्रयोगांना उभं राहायला जागा नव्हती. हौशी जॅममध्ये बासवाल्याचं काम तेच आहे. गाणं माहीत नसेल तर मूळ सूर धरा, लय सोडू नका, आणि गाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहा.

जागेचीही जाण हवी. सर्वांत खालच्या मोकळ्या तारेची कंपनसंख्या 41 हर्ट्झ, म्हणजे हवेतली एक लाट आठ मीटरहून लांब. छोट्या खोलीत ती मावत नाही. ॲम्प कोपऱ्यात ठेवला की काही सूर फुगतात, काही गायब होतात. तेव्हा बहुतेक जण बासचं बटण आणखी वर नेतात आणि सगळा कालवा होतो. ॲम्प कोपऱ्यातून पुढे ओढा, खालचा आवाज उतरवा, मधला चढवा. सूर लगेच ओळखू येतील.

आता आपली हवा. चार तारांचा मिळून ताण साधारण 75 ते 80 किलो. तो लाकडी नेकला सतत पुढे ओढतो, आणि नेकच्या पोटातली ट्रस रॉड नावाची पोलादी सळई त्याला उलटा ताण देते. गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांनी तिचं पेटंट 1923 मध्ये मिळवलं. वाद्याला पन्नास टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता मानवते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ती ऐंशीच्या वर राहते, पुण्याच्या उन्हाळ्यात दुपारी पार कोसळते. लाकूड फुगतं, आकसतं, आणि सळईचं गणित चुकतं. ज्या लाकडाच्या पट्टीवर पडदे ठोकलेले असतात, ते पुष्कळदा शिसव असतं, आपल्या सह्याद्रीतही वाढणारं झाड. तेव्हा परदेशी शिक्क्याच्या बासमध्येही आपल्या मातीतलं लाकूड असू शकतं. या पट्टीला वर्षातून एकदोनदा थोडं लेमन ऑइल लावून पुसावं; वॉर्निश केलेल्या मेपलला लावू नये.

नेक तपासणं सोपं आहे. तार पहिल्या पडद्यावर आणि नेक धडाला मिळते त्या पडद्यावर एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांत सुमारे 0.3 मिलिमीटर फट हवी. जास्त असेल तर सळई थोडी आवळा, नसेलच तर सैल करा. एका वेळी पाव फेऱ्याहून कमी, आणि मग दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबा. सळई फिरत नसेल तर जोर करू नका, कारागिराकडे न्या. बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर तिथल्याच नुसत्या स्पर्शाच्या सुरापेक्षा चढा लागला, तर घोडीवरचा त्या तारेचा आधार मागे सरकवा. नवी तार खुंटीपाशी काटकोनात वाकवल्याशिवाय कापू नका, नाहीतर वरचं वेटोळं सुटतं आणि तार मरते. बॅटरीच्या बासमधून वायर काढून ठेवा. वायर आत असेल तर वाजवत नसतानाही नऊ व्होल्टची बॅटरी उतरत राहते. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती फडक्यानं पुसाव्यात. खारी हवा आणि घाम मिळून पोलाद लवकर खातात.

तंबोऱ्याची जवारी काढायला आपले गायक मिरजेच्या कारागिरांकडे जातात, कारण ते काम वर्षानुवर्षांच्या कानाचं आहे. पडदे घासणं, नवे बसवणं, वळलेली नेक सरळ करणं ही बासची तशीच कामं. ती जाणकारावर सोपवावीत. बाकी सगळं घरच्या टेबलावर, योग्य मापाची ॲलन की, स्क्रूड्रायव्हर, फीलर गेज आणि ट्यूनर यांच्या बळावर होतं.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा पाऊस सरलेला असेल आणि हवा कोरडी होऊ लागली असेल. याच दिवसांत नेक बहुधा सरळ होत जाते आणि खालच्या पडद्यांवर तारा खरखरू लागतात. पुढच्या जॅमआधी बास पेटीतून काढा, दिव्याखाली धरा आणि ती फट एकदा मोजून घ्या.