डेटिंग प्रशिक्षणाचे सशुल्क सदस्यत्व: पैसे कशाचे, हमी कशाची?

नवी दिल्ली : दिल्ली विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाने २०२५-२६ या शैक्षणिक वर्षासाठी जवळच्या नातेसंबंधांवरील एक ऐच्छिक अभ्यासक्रम जाहीर केला. मैत्री, प्रेम, मत्सर, नात्यातील धोक्याच्या खुणा आणि नाते तुटल्यानंतरचे सावरणे अशा विषयांचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी त्यात समावेश करण्यात आला. चार श्रेयांकांच्या या अभ्यासक्रमात आठवड्याला तीन व्याख्याने आणि एक ट्युटोरियल अशी रचना ठेवण्यात आली. नाते जोडणे आणि टिकवणे हा शिकण्याजोगा विषय आहे, ही भूमिका त्यामागे आहे.

विद्यापीठाबाहेर हीच भूमिका व्यवसायाच्या रूपात दिसते. स्वतःला ‘डेटिंग कोच’ म्हणवणारे प्रशिक्षक मासिक, सहामाही किंवा वार्षिक सदस्यत्व विकतात. अ‍ॅपवरील माहिती नीट लिहून देणे, छायाचित्रे निवडणे, संभाषणाचा सराव, पेहरावाबाबत सल्ला आणि सदस्यांच्या गटात प्रवेश अशा सेवांचा त्यात समावेश असतो. दिल्ली, गुरुग्राम, नोएडा व गाझियाबाद या परिसरात नोकरीसाठी अथवा स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी महाराष्ट्रासह अन्य राज्यांतून आलेले तरुण मोठ्या संख्येने राहतात. स्थळ सुचवणारे नातेवाईक आणि शेजारी गावी राहिलेले असतात. ओळखी वाढवण्याचे मोबाइलवरील साधन हाताशी असते. मात्र ते वापरावे कसे, हे सांगणारे कोणी नसते. ही उणीव भरून काढण्याचे आश्वासन असे सदस्यत्व देते.

ते घेणे कितपत योग्य, या प्रश्नाचे उत्तर सदस्यत्वाच्या किमतीइतकेच त्यातून नेमके काय विकले जाते यावर अवलंबून आहे.

शुल्क प्रयत्नांचे, फळाचे नव्हे

वधू-वर सूचक मंडळाची पद्धत मराठी कुटुंबांना परिचित आहे. मंडळ नोंदणी शुल्क घेते आणि त्या बदल्यात स्थळे दाखवते. लग्न जमणे वा न जमणे हे दोन्ही घरांच्या पसंतीवर असते आणि त्यासाठी मंडळाला कोणी जबाबदार धरत नाही.

डेटिंग प्रशिक्षक निकालापासून आणखी एक पायरी दूर असतो. त्याच्याकडे बहुधा स्थळांची यादी नसते. तो केवळ ग्राहकाची तयारी करून घेतो. भेटीस होकार द्यायचा की नकार, हे ठरवणारी व्यक्ती या करारात कोठेच नसते. तिने शुल्क घेतलेले नसते आणि कोणतेही वचन दिलेले नसते. म्हणूनच ‘नव्वद दिवसांत जोडीदार’ अशा स्वरूपाची हमी ज्याच्या हाती ती पुरी करणे नाही, त्यानेच दिलेली असते.

संशोधनही याच दिशेने निर्देश करते. मानसशास्त्रज्ञ एली फिंकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ऑनलाइन डेटिंगविषयीच्या संशोधनाचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला. परस्परांना अनुरूप व्यक्ती गणिती सूत्राने शोधून देण्याच्या संकेतस्थळांच्या दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असा निष्कर्ष त्यात होता. सामंथा जोएल, पॉल ईस्टविक व फिंकेल यांच्या २०१७ मधील अभ्यासात सहभागी व्यक्तींनी स्वतःविषयी दिलेली शंभराहून अधिक बाबींची माहिती संगणकीय पद्धतीने तपासण्यात आली. विशिष्ट दोन व्यक्तींमध्ये परस्परांविषयी ओढ निर्माण होईल का, हे भेटीपूर्वीच्या या माहितीवरून सांगता आले नाही.

याचा अर्थ प्रशिक्षण निरुपयोगी आहे, असा नव्हे. स्वतःविषयी स्पष्ट व खरे लिहिणे, समोरच्याचे ऐकून घेणे, संकोच कमी करणे आणि नकार शांतपणे स्वीकारणे ही कौशल्ये सरावाने सुधारू शकतात. शुल्क द्यायचे असेल तर ते अशा सरावासाठी द्यावे लागते. सत्रे किती, ती वैयक्तिक की सामूहिक, सूचना कोण देणार आणि किती दिवसांत, या बाबी मोजता येतात.

बंगळुरूतील प्रकरणाचा धडा

मोजता येण्याजोग्या आश्वासनाचे महत्त्व बंगळुरूतील एका प्रकरणातून स्पष्ट होते. एका पित्याने मुलासाठी स्थळ शोधण्याकरिता मार्च २०२४ मध्ये तेथील एका विवाहविषयक संस्थेकडे ३० हजार रुपये भरले. ४५ दिवसांत स्थळ मिळवून देण्याचे आश्वासन त्यांना देण्यात आले होते. मुदत उलटूनही स्थळ मिळाले नाही आणि पैसेही परत मिळाले नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ३० हजार रुपये व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. सेवेतील त्रुटीबद्दल २० हजार, मानसिक त्रासाबद्दल ५ हजार आणि खर्चापोटी ५ हजार रुपये देण्यासही सांगण्यात आले.

लग्न जमले नाही, एवढ्यावरच हे प्रकरण उभे नव्हते. काय देणार आणि किती दिवसांत देणार हे ठरलेले होते आणि ते दिले गेले नाही, हा त्यातील मुख्य मुद्दा होता. ‘आत्मविश्वास वाढेल’ किंवा ‘आयुष्य बदलेल’ अशा आश्वासनाचा भंग सिद्ध करणे याच्या तुलनेत फार कठीण असते.

हमीच्या अटींबाबतचे एक प्रकरण अमेरिकेतही गाजले. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने मॅच समूहाविरुद्ध २०१९ मध्ये दावा दाखल केला. सहा महिन्यांत मनाजोगती व्यक्ती न भेटल्यास पुढील सहा महिने विनामूल्य, असे सांगताना त्यासाठीच्या अटी पुरेशा स्पष्ट केल्या नाहीत, हा त्यातील एक आरोप होता. ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीने १ कोटी ४० लाख डॉलर देऊन तडजोड मान्य केली. हमी आकर्षक दिसली, तरी तिच्याखालील अटी वाचल्यावरच तिची खरी किंमत कळते.

कायद्याचे संरक्षण कोठपर्यंत?

डेटिंग प्रशिक्षणासाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. तथापि, मोबदला घेऊन दिलेली सेवा या नात्याने त्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. शिकवणी वर्ग ग्राहक कायद्याच्या कक्षेत येतात, हे राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने जानेवारी २०२० मध्ये मनू सोळंकी प्रकरणात स्पष्ट केले होते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांतील व्याख्येतून समुपदेशन, क्रीडा, नृत्य व नाट्य या गोष्टी वगळल्या आहेत. प्रशिक्षक स्वतःला समुपदेशक म्हणवत असेल, तर ही विशिष्ट तत्त्वे लागू होण्याबाबत वाद उद्भवू शकतो. मात्र सर्व जाहिरातींसाठीची जून २०२२ ची तत्त्वे त्यालाही लागू राहतात.

ऑनलाइन विक्रीतील फसव्या क्लृप्त्यांबाबत नोव्हेंबर २०२३ मध्ये तत्त्वे जारी झाली. त्यांत १३ प्रकार नमूद आहेत. ‘शेवटच्या दोन जागा’ अशी खोटी घाई निर्माण करणे आणि सदस्यत्व सहज घेता यावे पण रद्द करता येऊ नये अशी व्यवस्था ठेवणे, हे त्यांपैकी दोन होत. कार्डावरून ठरावीक मुदतीने आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी रिझर्व्ह बँकेची व्यवस्था १ ऑक्टोबर २०२१ पासून अमलात आहे. तिच्यानुसार रक्कम वळती होण्यापूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळणे आवश्यक आहे आणि दिलेली संमती त्याला मागे घेता येते.

तक्रार ग्राहक राहतो किंवा काम करतो त्या ठिकाणच्या जिल्हा आयोगात दाखल करता येते. राजधानी परिसरात ही तरतूद विशेष उपयुक्त ठरते. गुरुग्रामच्या रहिवाशाला अन्य राज्यातील संस्थेविरुद्ध गुरुग्राममध्येच दाद मागता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगात तक्रारीचे शुल्क नाही. वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. प्रशिक्षक परदेशात असेल आणि त्याची येथे मालमत्ता वा कार्यालय नसेल, तर अनुकूल आदेशाची अंमलबजावणी अवघड ठरते.

एकरकमी शुल्काचा धोका

तक्रारीचा मार्ग उपलब्ध असला, तरी पैसे परत मिळण्यास वेळ लागतो. जानेवारी २०२५ मध्ये प्रवेश परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या एका मोठ्या संस्थेची नोएडा, गाझियाबाद व दिल्लीतील केंद्रे अचानक बंद पडली. आगाऊ शुल्क भरलेले पालक रस्त्यावर आले आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. नावाजलेल्या संस्थेबाबत हे घडू शकते, तर एका व्यक्तीच्या भरवशावर चालणाऱ्या व्यवसायात वर्षभराचे पैसे आधी देण्याची जोखीम अधिकच आहे.

सवलतीच्या आकड्यापेक्षा एका वैयक्तिक सत्राचा खर्च काढून पाहणे उपयुक्त ठरते. उदाहरणार्थ, तीन महिन्यांचे शुल्क २० हजार रुपये असेल आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागत असेल, तर एकूण खर्च २३,६०० रुपये होतो. या काळात प्रशिक्षक प्रत्यक्ष केवळ सहा वेळा बोलणार असेल, तर एका सत्रास सुमारे ३,९३३ रुपये पडतात. उर्वरित भाग ध्वनिचित्रफितींचा असल्यास त्यांतील मजकूर अन्यत्र विनामूल्य मिळतो का, हे आधी तपासावे.

सल्ला प्रशिक्षकाचा, जबाबदारी ग्राहकाची

या व्यवहारात पैशांहून मोठी जोखीमही असते. नकार म्हणजे परीक्षा समजून पाठपुरावा चालू ठेवावा, असा सल्ला काही प्रशिक्षक देतात. एखाद्या स्त्रीने अनिच्छा स्पष्ट दर्शवल्यानंतरही तिच्याशी वारंवार संपर्क साधणाऱ्या पुरुषावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. पहिल्या अपराधासाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. सल्ला विकत घेतलेला होता, हा बचाव ठरत नाही. आणि त्या सल्ल्याचा खरा त्रास त्या स्त्रीला सोसावा लागतो. याच कारणास्तव, समोरच्या व्यक्तीशी झालेले खासगी संभाषण तिच्या संमतीवाचून प्रशिक्षकाच्या गटात ठेवणेही अनुचित होय.

प्रत्यक्ष भेटीबाबत दक्षता घेण्यासाठी मात्र सदस्यत्वाची आवश्यकता नाही. जून २०२४ मध्ये पूर्व दिल्लीत अ‍ॅपवरील ओळखीतून भेटीस गेलेल्या एका स्पर्धा परीक्षार्थी तरुणाला कॅफेमध्ये १ लाख २० हजार रुपयांहून अधिक रकमेचे बिल देण्यात आले होते. पोलिसांनी त्या प्रकरणात अटकही केली. भेटीचे ठिकाण स्वतः निवडावे, दरपत्रक आधी पाहावे आणि जवळच्या व्यक्तीस कळवून जावे, एवढा सल्ला विनामूल्य उपलब्ध आहे.

अडचण कौशल्याची की भीतीची?

काहींच्या बाबतीत अडचण संभाषणकौशल्याची नसते. अनोळखी व्यक्तीसमोर धाप लागणे, बोलण्याच्या कल्पनेने झोप उडणे किंवा लोकांमध्ये जाणेच टाळणे ही सामाजिक चिंताविकाराची लक्षणे असू शकतात. त्यावर विचार व वर्तन यांवर आधारित उपचारपद्धती परिणामकारक मानली जाते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ मध्ये प्रौढांसाठी तिची प्रथम शिफारस केली. भारतात चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि ती पडताळता येते. ‘डेटिंग कोच’ म्हणवण्यासाठी अशा कोणत्याही नोंदणीची अट नाही. दिल्लीत दिलशाद गार्डन येथील ‘इहबास’ या संस्थेत मानसिक आरोग्यसेवा उपलब्ध आहे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेवर १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

निर्णयापूर्वी

सुधारायची गोष्ट एका वाक्यात सांगता येत असेल, प्रशिक्षक स्वतः वैयक्तिक सत्रे घेणार असेल, एक सत्र वा एक महिना आजमावून पाहता येत असेल आणि परताव्याच्या अटी लेखी मिळत असतील, तर अल्प मुदतीचे सदस्यत्व उपयोगी ठरू शकते. जाहिरातीतील यशोगाथांखेरीज, सदस्यत्व सोडून गेलेल्या एखाद्या ग्राहकाशी बोलण्याची संधी मागण्यासही हरकत नाही.

याउलट, निकालाची हमी, आजच पैसे भरण्याचा आग्रह, कर्ज काढून शुल्क देण्याची सूचना किंवा रद्द करण्याच्या पद्धतीबाबत मौन, यांपैकी एकही गोष्ट आढळल्यास व्यवहार टाळणे श्रेयस्कर. पैसे भरले असल्यास जाहिरातीची प्रत, पावती व संदेश जपून ठेवावेत आणि परताव्याची मागणी लेखी करावी. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तेथे तोडगा न निघाल्यास जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘ई-जागृती’ संकेतस्थळावरून ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन दाद मागता येते.