सहा गुंजा आणि साडेतीन लाख नावं

हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठला जो बॉम्ब फुटला, त्यात सुमारे ६४ किलो युरेनियम होतं. त्यातलं एक किलोसुद्धा पुरतं फुटलं नाही. बाकीचं नुसतंच उधळलं गेलं. जे फुटलं, त्यातलं अगदी थोडं वस्तुमान नाहीसं होऊन त्याची ऊर्जा झाली. ते भरतं साधारण ०.७ ग्रॅम. सोनाराच्या जुन्या मापात सांगायचं तर सहा गुंजा. सहा गुंजांएवढा पदार्थ जगातून नाहीसा झाला आणि त्या वर्षाच्या अखेरपर्यंत एका शहरातली सुमारे १ लाख ४० हजार माणसं मेली.

अण्वस्त्रांबद्दल वाचताना मन बधिर होतं ते अशा आकड्यांमुळे. एका बाजूला इतकं लहान काही की हाताला लागत नाही, दुसऱ्या बाजूला इतकं मोठं काही की नजरेत मावत नाही. या दोन टोकांच्या मध्ये माणसाला धरता येईल असा आकडाच सापडत नाही. अण्वस्त्रविरोधी चळवळीची गेल्या ऐंशी वर्षांतली खरी कमाई मला यातच दिसते. तिने धरता येतील असे आकडे शोधले आणि लोकांच्या हातात दिले.

आधी लहान टोकाकडे पाहू. युरेनियमचा एक अणू फुटला की दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात आणि ते पुढचे अणू फोडतात. एका पिढीपासून दुसऱ्या पिढीपर्यंत जायला सेकंदाचा साधारण दहा कोटीवा भाग लागतो. एकाचे दोन, दोनाचे चार असं धरलं तर किलोभर युरेनियम फुटायला ऐंशीच्या आसपास दुपटी पुरतात. आपल्याकडे संख्यांना परार्धापर्यंत नावं आहेत, म्हणजे १ वर १७ शून्यं. किलोभर युरेनियममधले अणू मोजायचे तर ती संख्या अडीच कोटी परार्धांच्या घरात जाते. एवढं सगळं उरकायला लागणारा वेळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षा कमी. त्यातही ९९.९ टक्के ऊर्जा शेवटच्या दहा दुपटींत बाहेर पडते. बॉम्ब ‘फुटतो’ तेव्हा त्याच्या फुटण्याचा बहुतेक सारा काळ जवळपास काहीच घडत नसतं, आणि मग सगळं एकदम घडतं.

आता हे दुसऱ्या घड्याळावर लावून पाहा. हिरोशिमाच्या स्मारकाखाली दगडी पेटीत मृतांच्या नावांच्या वह्या ठेवलेल्या आहेत. दरवर्षी ६ ऑगस्टला त्यांत बॉम्बमधून वाचलेल्या आणि मागच्या वर्षभरात वारलेल्यांची नावं भरतात, कारण तिथे बॉम्बने दिलेली जखम अंगावर घेऊन जगलेला माणूस ऐंशीव्या वर्षी गेला तरी त्याच यादीत धरतात. २०२५च्या ऑगस्टमध्ये ही संख्या ३,४९,२४६ झाली. एकेक नाव तीन सेकंदांत उच्चारायचं ठरवलं आणि जेवण, झोप, श्वास घ्यायची उसंत काहीच धरली नाही, तरी वाचन बारा दिवस आणि बारा रात्री चालेल. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात जे सुरू झालं, त्याची नुसती हजेरी घ्यायला बारा दिवस. नागासाकीची यादी वेगळी.

मोठ्या टोकासाठी ट्रकची रांग उभी करतो. हिरोशिमाच्या बॉम्बची ताकद १५ किलोटन, म्हणजे १५ हजार टन टीएनटी. दहा टन माल घेतलेले दीड हजार ट्रक. एका ट्रकला दहा मीटर जागा धरली आणि ते एकमेकांना चिकटून उभे केले, तर रांग चर्चगेटपासून वांद्र्यापर्यंत जाईल. हिरोशिमाच्या तीन आठवडे आधी, १६ जुलैच्या पहाटे न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात ‘ट्रिनिटी’ चाचणीत माणसाने पहिला अणुस्फोट केला. तिथे सहा किलोंच्या आसपास प्लुटोनियम होतं आणि रांग वीस किलोमीटरच्या पुढे गेली होती. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर ‘कॅसल ब्राव्हो’ हा हायड्रोजन बॉम्ब उडवला. त्याची रांग १५ हजार किलोमीटरची. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी सोव्हिएत संघाने आर्क्टिकमधल्या नोवाया झेमल्यावर ‘त्सार’ बॉम्ब फोडला, त्याची ५० हजार किलोमीटरची. विषुववृत्तावरून पृथ्वीला एक फेरी घालून वर दहा हजार किलोमीटर ट्रक उरतात. आणि हा बॉम्ब मुळात याच्या दुप्पट ताकदीचा आखलेला होता, चाचणीसाठी निम्मा केला.

ब्राव्होपाशी जरा थांबायला हवं. शास्त्रज्ञांचा अंदाज ६ मेगाटनचा (एक मेगाटन म्हणजे हजार किलोटन) होता, निघाले १५. इंधनात वापरलेल्या लिथियमच्या एका प्रकाराचा या स्फोटात काही भाग नसेल असं त्यांनी धरलं होतं, आणि तो प्रकार पेटला. ती ९ मेगाटनची चूक एकट्याने सहाशे हिरोशिमांएवढी होती. स्फोटाची राख धोक्याची म्हणून जाहीर केलेल्या हद्दीच्या बाहेर असलेल्या एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. ‘फुकुर्यू मारू क्र. ५’ या बोटीवर २३ जण होते. सगळे आजारी पडले. रेडिओ सांभाळणारे आइकिची कुबोयामा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारले.

इथून पुढची गोष्ट मला या साऱ्या इतिहासातली सर्वात मोलाची वाटते. जपानमध्ये मासा हे रोजचं जेवण. बोटीने आणलेला ट्यूना किरणोत्सारी निघाला तशी घबराट थेट स्वयंपाकघरात शिरली. टोकियोच्या सुगिनामी भागातल्या बायका, मासे विकणारे, वाचनमंडळातल्या गृहिणी दारोदार सह्या गोळा करू लागल्या. मागणी एकच, हायड्रोजन बॉम्बवर बंदी. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये हिरोशिमात पहिली जागतिक परिषद भरली, तोवर देशभरात ३ कोटींवर सह्या झाल्या होत्या. जपानची तेव्हाची लोकसंख्या नऊ कोटींच्या आत होती. तान्ही बाळंही हिशेबात धरली तरी दर तिघांतल्या एकाची सही.

ब्राव्होनंतर महिन्याभरातच, २ एप्रिल १९५४ रोजी, पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्यासाठी करार व्हावा अशी मागणी केली. चाचणीबंदीची मागणी करणाऱ्या पहिल्या काही राष्ट्रनेत्यांपैकी ते एक. आपल्या मराठी जगातला एक माणूसही या कामात होता. गोव्यातले दामोदर धर्मानंद कोसंबी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचं काम करत होते आणि जागतिक शांतता परिषदेत सक्रिय होते. देशात अणुऊर्जेचा गवगवा चालू असताना भारतासारख्या उन्हाच्या देशाने सौरऊर्जेकडे वळावं असं ते ठामपणे सांगत. त्या शांतता चळवळीने १९५०च्या स्टॉकहोम आवाहनावर २७ कोटींहून जास्त सह्या झाल्याचं जाहीर केलं होतं. सोव्हिएत संघात जवळपास सगळ्या प्रौढांनी सही केली असा तो हिशेब होता, आणि त्याच सोव्हिएत संघाने १९४९मध्ये आपला पहिला अणुबॉम्ब फोडलेला होता. त्या २७ कोटींपेक्षा सुगिनामीच्या बायकांनी उंबरठ्यावर उभं राहून मिळवलेली एकेक सही मला वजनदार वाटते.

अमेरिकेत तर मोजणी दातांनी झाली. हवेतल्या चाचण्यांमुळे स्ट्रॉन्शियम-९० हा किरणोत्सारी पदार्थ पावसाबरोबर गवतावर, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडांत जात होता. शरीराला तो कॅल्शियमसारखाच वाटतो. सेंट लुइस शहरात १९५८च्या अखेरीस डॉ. लुईस राइस आणि बॅरी कॉमनर यांच्या पुढाकाराने मुलांचे पडलेले दुधाचे दात जमवायला सुरुवात झाली. दात देणाऱ्या मुलाला एक बिल्ला मिळे. १९७०पर्यंत सुमारे ३ लाख २० हजार दात जमले. पुढे, १९६३मध्ये जन्मलेल्या मुलांच्या दातांत १९५०मधल्या मुलांच्या मानाने स्ट्रॉन्शियम-९० सुमारे पन्नास पट निघाला. मेगाटन न समजणाऱ्या आईला दुधातून दातांत जाणारं विष समजायला तेवढा वेळ लागला नाही. १ नोव्हेंबर १९६१ रोजी अमेरिकेतल्या ६० शहरांत सुमारे ५० हजार बायका रस्त्यावर उतरल्या. त्याच्या आधी लायनस पॉलिंग यांनी चाचण्यांविरुद्ध ११ हजारांहून जास्त शास्त्रज्ञांच्या सह्या संयुक्त राष्ट्रांकडे दिल्या होत्या. ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटनने हवेतल्या, पाण्यातल्या आणि अवकाशातल्या चाचण्या बंद करणाऱ्या करारावर सह्या केल्या. जमिनीखालच्या चाचण्या चालूच राहिल्या. आजवरच्या दोन हजारांहून जास्त चाचण्यांपैकी बहुतेक जमिनीखालीच झाल्या, पोखरणच्या दोन्ही वेळच्याही. तरी करारानंतर जन्मलेल्या मुलांच्या हाडांत कमी विष गेलं, आणि ते चळवळीने मिळवलेलं आहे.

साठे मात्र वाढतच राहिले. १९८६मध्ये जगात सुमारे ७० हजार अण्वस्त्रं होती. त्याच्या चार वर्षं आधी, १२ जून १९८२ रोजी, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सुमारे दहा लाख माणसं निःशस्त्रीकरणाची मागणी करत जमली होती. करार केले ते गोर्बाचेव्ह आणि रेगन यांनी, पण त्यांना टेबलापाशी बसवणारा रेटा रस्त्यावरून आला होता. २०२५च्या सुरुवातीला जगातली संख्या १२,२४१ होती. या ३९ वर्षांतली घट सरासरीने वाटली, तर रोज चार अण्वस्त्रं कमी झाली. सुट्टी नाही, रविवार नाही, रोज चार. हा आकडा मराठी वाचकाला कुणी सांगितलेला मला आठवत नाही आणि याचं मला वाईट वाटतं, कारण ‘हे कधी थांबणार नाही’ असं म्हणणाऱ्याला देण्याजोगं याहून नेमकं उत्तर माझ्याकडे नाही. रशियाच्या मोडलेल्या बॉम्बमधलं ५०० टन युरेनियम, म्हणजे सुमारे २० हजार बॉम्बचा माल, १९९३ ते २०१३ या काळात पातळ करून अमेरिकेच्या वीजकेंद्रांत जाळलं गेलं. त्या वर्षांत अमेरिकेतली साधारण दहावा हिस्सा वीज याच इंधनातून येत होती. ज्या शहरांवर टाकायला हे बॉम्ब बनवले, त्या शहरांतले दिवे त्यांच्यावर जळत होते.

पण उरलेले बारा हजार आहेतच. त्यांतले सुमारे २,१०० क्षेपणास्त्रांवर चढवून काही मिनिटांत सोडता येतील असे सज्ज ठेवलेले, बहुतेक सगळे रशिया आणि अमेरिकेचे. २०२५च्या सुरुवातीला भारताकडे सुमारे १८० होते, पाकिस्तानकडे १७०. आपल्याकडे याची चर्चा अभिमानाच्या सुरात होते, म्हणून एक अभ्यास इथे सांगायलाच हवा. पोखरणच्या दुसऱ्या वेळच्या चाचण्यांनंतरच्या वर्षी, १९९९मध्ये, भौतिकशास्त्रज्ञ एम. व्ही. रमणा यांनी मुंबईवर हिरोशिमाएवढा, १५ किलोटनचा बॉम्ब पडला तर काय होईल याचा हिशेब मांडला. उत्तर आलं, १ लाख ६० हजार ते ८ लाख ६६ हजार मृत्यू. एवढी तफावत कशी? मुंबईची दाटी जागोजागी वेगळी आहे, बॉम्ब कुठल्या वस्तीवर पडतो त्यावर सगळं ठरतं. दोन आकड्यांमध्ये सात लाख माणसं आहेत आणि कागदावर ती फक्त अंदाजाची लांबीरुंदी आहे. त्या कंसात उभं राहून १८० या आकड्याकडे पाहावं असं मला मनापासून वाटतं.

हिरोशिमा-नागासाकीच्या बॉम्बमधून वाचलेल्यांना जपानमध्ये हिबाकुशा म्हणतात. सरकारी दाखला असलेल्या हिबाकुशांची संख्या १९८१मध्ये ३,७२,२६४ होती. २०२५च्या मार्चअखेर ती पहिल्यांदा एक लाखाच्या खाली, ९९,१३० वर आली. सरासरी वय ८६च्या पुढे. त्यांची ‘निहोन हिदानक्यो’ ही संघटना १९५६मध्ये नागासाकीत स्थापन झाली. २०१६ ते २०२० या काळात हिबाकुशांनी पुन्हा एकदा सह्यांची मोहीम काढली आणि १ कोटी ३७ लाख सह्या जमवून संयुक्त राष्ट्रांना दिल्या. मधल्या काळात, ७ जुलै २०१७ रोजी, १२२ देशांनी अण्वस्त्रबंदीच्या कराराच्या बाजूने मत दिलं. २२ जानेवारी २०२१पासून तो करार लागू आहे. २०२४चं नोबेल शांतता पारितोषिक हिदानक्योला मिळालं आणि ते घेताना ओस्लोत तेरुमी तानाका बोलले. वय ९२. नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा ते १३ वर्षांचे होते आणि त्यांच्या नात्यातली पाच माणसं त्यात गेली. हिदानक्योची आपल्या सरकारकडे जुनी मागणी आहे की जपानने या करारावर सही करावी. जपानने अजून केलेली नाही. अण्वस्त्रं बाळगणाऱ्या नऊ देशांपैकी एकानेही केलेली नाही. १९५४मध्ये लोकसभेत चाचण्या थांबवा म्हणणारा देश त्या नऊ देशांत आहे, आणि २०१७च्या वाटाघाटींना तो हजरही राहिला नाही.