संत्र्याच्या सलीवरची बुरशी : ओळखीचा मागोवा

 वर्धा जिल्ह्यातली संत्र्याची बागायत उत्तरेला, आर्वी, आष्टी, कारंजा भागात. तिथे तोडा संपला की सल काढतात. वाळक्या काड्या थोड्या हिरव्या भागासकट छाटायच्या, जाळायच्या आणि कापावर बोर्डो मलम लावायचे. या काड्यांवर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके असतात. ती बुरशीची बीजाणू तयार करणारी घरे. ही बुरशी नेमकी कोणती, हे शोधण्यात सव्वाशेहून अधिक वर्षे गेली.

सुरुवात आपल्याकडची नव्हे. 1882 मध्ये पेन्झिग यांनी इटलीतल्या लिंबूवर्गीय झाडांवरच्या एका बुरशीचे वर्णन केले; तीच पुढे कोलेटोट्रायकम ग्लोइओस्पोरिऑइडिस झाली. 1892 मध्ये पातुयार यांनी इक्वेडोरच्या कोकोवरून बोट्रिओडिप्लोडिया थिओब्रोमे नोंदवली. 1911 मध्ये पोल-इव्हान्स यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळवरून डिप्लोडिया नाटालेन्सिस हे नाव दिले. यातली शेवटची दोन नावे एकाच बुरशीची निघाली. आज तिला लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमे म्हणतात. झाड बदलले की नाव नवे, अशीच तेव्हाची रीत होती. चीडवृक्षांच्या मेलेल्या काड्यांवर सापडणारी डिप्लोडिया सापिनिया हिच्याच कुळातली, आणि तिच्या वाट्यालाही अशीच अनेक नावे आली.

भारतातल्या बुरश्यांची मोठी यादी बटलर आणि बिस्बी यांनी 1931 मध्ये छापली. महाराष्ट्रात या कामाला खरे घर मिळाले ते 1946 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत. एम. एन. कामत यांनी तिथे कवकशास्त्राचा पाया घातला. कवकशास्त्रज्ञ अजरेकरांच्या नावाचा बुरशी-नमुन्यांचा संग्रह तिथेच आहे. 1987 मध्ये भिडे, पांडे, साठे, राव आदींनी महाराष्ट्रातल्या बुरश्यांवरचा ग्रंथ काढला. माझ्या मते या साऱ्या वाटचालीत सर्वांत मोलाचे काम या संग्रहाचे. नाव चुकले तरी काडी जपलेली असेल, तर ती पुन्हा तपासता येते.

ओळख पटवायची रीत साधी, पण चिकाटीची. काडी भिजवायची, ठिपक्यातून पात्याने पातळ काप घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहायचे. लॅसिओडिप्लोडियाचे कोवळे बीजाणू बिनरंगी, एकपेशी. पिकल्यावर तपकिरी, मध्ये पडदा आणि अंगावर उभ्या रेघा. कोवळेच पाहून निर्णय दिला, की भलतीच बुरशी हाती लागते. कोलेटोट्रायकमचे बीजाणू मात्र बिनरंगीच राहतात.

डीएनए तपासणी आल्यावर चित्र उलटले. आधी एकाच बुरशीची अनेक नावे होती. आता एकाच नावाखाली अनेक बुरश्या दडलेल्या दिसल्या. थिओब्रोमेबाबत हे 2008 मध्ये दाखवले गेले. त्यामुळे निव्वळ बीजाणू मोजून दिलेल्या जुन्या नोंदी आज जपूनच वाचाव्या लागतात. 2011 च्या मेलबर्नमधील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेने बुरश्यांच्या लैंगिक आणि अलैंगिक अवस्थांना वेगळी नावे देण्याची प्रथाही बंद केली. 2013 पासून एका बुरशीला एकच नाव.

आणखी एक गोष्ट बागायतदारांनी लक्षात घ्यावी. सलीवर बुरशी दिसली म्हणून तिनेच फांदी मारली असे नाही. निचरा न होणारी काळी जमीन, मुळांची कूज, जस्ताची कमतरता यांनी झाड खचते आणि आत दबून बसलेली बुरशी मग उठते. उपाय ठरवताना आधी मुळे पाहावीत.

सल जाळणे योग्यच आहे; ते थांबवू नये. फक्त जाळण्याआधी चार काड्या सुकवून कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये नको, आणि वर झाड, गाव, तारीख, जमीन लिहा. वर्ध्यातल्या महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी ही पाकिटे गोळा करून पुण्याच्या संग्रहाकडे पाठवावीत, ही विनंती.