प्रबळगडाची चढण

पनवेलहून पूर्वेकडे दृष्टी टाकली, म्हणजे प्रबळगडाचा विस्तीर्ण माथा आणि त्याच्या शेजारचा कलावंतिणीचा सुळका नजरेत भरतो. प्रबळगडाचे जुने नाव मुरंजन. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना जे २३ किल्ले मोगलांस द्यावे लागले, त्यांत हाही होता. असा गड पाहण्याची इच्छा कोणास होणार नाही? परंतु मुलांनो, नुसत्या इच्छेने गड चढता येत नाही. त्यासाठी आधी तयारी करावी लागते.

गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर आहे. त्यांपैकी ६०० मीटर पायांनी चढावयाचे, असे धरू. जिन्याची एक पायरी १५ सेंटिमीटर उंच मानली, तर या ४,००० पायऱ्या झाल्या! प्रत्येक पावलास शरीराचा भार वर उचलावा लागतो. स्नायूंना अधिक प्राणवायू हवा असतो, म्हणून हृदय जलद चालते व धाप लागते. महिना-दीड महिना आधीपासून रोज जिना किंवा टेकडी चढावी आणि चढ हळूहळू वाढवीत जावा, म्हणजे शरीरास या श्रमाची सवय होते.

वेळेचाही हिशेब हवा. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक नियम सांगितला. दर पाच किलोमीटर चालीस एक तास आणि दर ६०० मीटर चढणीस आणखी एक तास धरावा. हा हिशेब सराईतांचा. त्यात विश्रांती नाही. आपण अधिक वेळ धरावा व पहाटेच निघावे.

कोकणातील दमट हवेत घाम फार येतो आणि घामावाटे मीठही जाते. म्हणून प्रत्येकाने दोन-तीन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे व थोडे मीठ-साखर बरोबर घ्यावे. पायांत खडबडीत तळाचे, वापरून सैल झालेले बूट असावेत.

सर्वांत कठीण असते ती उतरण! उतरताना मांड्यांचे स्नायू शरीरास आवरून धरतात, गुडघ्यांवर भार येतो आणि थकलेला पाय घसरतो. म्हणून निम्मी शक्ती परतीसाठी राखावी. जो सर्वांत हळू चालतो, त्याच्या चालीने सर्वांनी चालावे.

पावसाळ्यात कातळ निसरडा होतो, दरडी कोसळतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री जवळच्याच इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली व अनेकजण प्राणांस मुकले. तेव्हा आभाळ भरून आले, किंवा सोबत्याचे पाय लटपटू लागले, तर माथा हाताशी आला असतानाही मागे फिरावे. त्यात कमीपणा नाही. गड काही पळून जात नाही. सर्व सोबती सुखरूप घरी परतले, तरच चढाई पुरी झाली असे समजावे.