लहान दुकानाचे भांडवल

बंगळूरच्या जुन्या पेठेत, चिक्कपेठ आणि अव्हेन्यू रोड यांच्या गल्ल्यांत, सकाळपासून मालाची गाठोडी बांधली जात असतात. दूरदूरच्या वस्त्यांतील लहान दुकानदार येथून माल नेतात आणि पुष्कळांची नावे घाऊक व्यापाऱ्याच्या उधारीच्या वहीत असतात. या उधारीवर आपण व्याज देत नाही, अशी दुकानदाराची समजूत असते. परंतु रोखीने 98 रुपयांना मिळणारा माल महिन्याच्या उधारीवर 100 रुपयांना पडत असेल, तर तो वर्षाला 24 टक्क्यांहून अधिक व्याज भरीत आहे. हे व्याज मालाच्या किमतीत लपलेले असते, एवढेच. तरीही या व्यवहाराला नावे ठेवणे योग्य नव्हे. घाऊक व्यापारी कागद मागत नाही, तारण मागत नाही आणि सणाचा हंगाम बुडाला तर चार दिवस थांबतो. दुकानदार पैसे मोजतो ते या थांबण्याचे.

दुसरा मार्ग चीटीचा. कर्नाटकात चीटी म्हणतात, ती मराठी माणसाच्या भिशीची थोरली बहीण. वीस जणांनी दरमहा 5,000 रुपये भरले की एक लाखाचा गल्ला जमतो. ज्याला निकड अधिक, तो लिलावात अधिक सूट देतो. समजा, तिसऱ्या महिन्यात एका कापडवाल्याने 75,000 रुपये उचलले, म्हणजे 25,000 रुपयांवर पाणी सोडले. त्यातून चालकाचे 5,000 रुपये वजा जाता उरलेले 20,000 वीस जणांत वाटले जातात आणि त्या महिन्याचा हप्ता प्रत्येकाला 4,000 रुपयेच पडतो. पुढच्या लिलावांतील वाटा कापडवाल्यालाही मिळत राहतो; त्यामुळे आपल्याला हे पैसे नेमके कितीला पडले, हे त्याला बहुधा शेवटपर्यंत कळत नाही. 1982 च्या चिट फंड कायद्याने चालकाचे कमिशन 5 टक्क्यांवर रोखले होते. 2019 च्या दुरुस्तीने ती मर्यादा 7 टक्के झाली. मात्र हे संरक्षण नोंदलेल्या चीटीला. गल्लीतल्या बिननोंदणीच्या चीटीचा चालक एका रात्रीत पसार झाला, तर सभासदांच्या हाती रागाखेरीज काही उरत नाही.

सर्वांत महाग पैसा दिवसाचा. सकाळी 900 रुपये घ्यावयाचे आणि सायंकाळी 1,000 फेडावयाचे, या हिशेबाला कानडीत ‘मीटर बड्डी’ म्हणतात. बड्डी म्हणजे व्याज. रिक्षाचा मीटर पडावा तसे ते पडते. अवाजवी व्याजाविरुद्ध कर्नाटकाने 2004 साली कायदा केला. पण पहाटे माल उचलावयाचा असतो, तेव्हा बँकेचे दार बंद असते आणि सावकार जवळच उभा असतो.

लहान दुकानाची खरी अडचण येथे आहे. त्याची कमाई रोजची, आणि बँकेचा हप्ता महिन्याचा. ही गोष्ट फार पूर्वी ओळखली ती उडुपीच्या, पुढे सिंडिकेट बँक म्हणून प्रसिद्ध झालेल्या संस्थेने. 1928 साली तिने पिग्मी ठेव सुरू केली. प्रतिनिधी दारोदार जाऊन रोज दोन आणेसुद्धा स्वीकारीत असे. ती बँक 1 एप्रिल 2020 रोजी बंगळुरात मुख्यालय असलेल्या कॅनरा बँकेत विलीन झाली. पण पिग्मी हा शब्द महाराष्ट्रातील पतसंस्थांनीही घरोघर पोहोचविला आहे. पिग्मी बचतीची खरी, परंतु दुकानदाराला तिचा मोठा उपयोग कर्जासाठी होतो. रोजच्या भरण्याचे पुस्तक म्हणजे त्याच्या दुकानाची पत सांगणारा दाखलाच; त्या ठेवीवर कर्ज मिळते आणि ते फिटतेही रोजच्या गल्ल्यातून.

8 एप्रिल 2015 रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेत तारणावाचून 10 लाखांपर्यंत कर्जाची सोय झाली. मोठा हप्ता फेडून दाखविणाऱ्यांसाठी 2024 साली ही मर्यादा 20 लाखांवर नेण्यात आली. तारण नको, हे खरे. पण विक्रीचा पुरावा हवाच. आता हा पुरावा फोनवरून होणाऱ्या यूपीआय भरण्यांतून आपोआप तयार होतो. वहीत न मावणारी पत त्यात दिसते.

परंतु जे बँकेला दिसते, ते करखात्यालाही दिसते. जुलै 2025 मध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर विभागाने याच नोंदींच्या आधारे लहान विक्रेत्यांना नोटिसा पाठविल्या. मालाच्या विक्रीसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला 40 लाखांची. पण खात्यात आलेला प्रत्येक रुपया विक्रीचा नसतो, आणि दूध, भाजी यांसारख्या मालावर करही नसतो. बंगळूरच्या कित्येक दुकानांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. 23 जुलै रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी व्यापाऱ्यांच्या प्रतिनिधींना भेटून जुन्या थकबाकीची वसुली होणार नाही, मात्र नोंदणी करावी लागेल, असे सांगितले.

पाटी लावणाऱ्याचा धाक समजण्यासारखा होता. त्या पाटीबरोबर त्याच्या विक्रीचा दाखलाही थांबला. अशा दुकानदाराने पुढच्या हंगामासाठी बँकेत पाऊल टाकले, तर अधिकारी वर्षभराची उलाढाल विचारतो. आणि दाखवावयास काही नसेल, तर तो चिक्कपेठेतल्या वहीकडेच परततो.