दगडांची वर्तुळं: व्हायकिंगांची आणि आपल्या जुनापाणीची

सोनईहून बोलतोय. आज दगडांच्या वर्तुळांबद्दल.

स्वीडनमध्ये गोल मांडलेल्या शिळांना लोक 'न्यायाधीशांची वर्तुळं' म्हणतात. दगडावर बसून पंच निवाडा करायचे, अशी समजूत. खणलं की मात्र बहुतेक ठिकाणी खाली दहन केलेली हाडं निघतात. म्हणजे मुळात ही दफनाची जागा. डेन्मार्कात लिंडहोल्म होये इथे अशा जवळजवळ 700 कबरी आहेत, काही गोल, काही नावेच्या आकाराच्या. वाळूखाली गाडल्या गेल्या, म्हणून वाचल्या.

आता नागपूरला चला. काटोल रस्त्यावर जुनापाणीला अशीच शिळावर्तुळं आहेत, सुमारे 300. रिव्हेट-कारनॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात त्यातली काही उकरली. दगडांवरच्या वाटीसारख्या खळग्यांनी तो चक्रावला, कारण तसे खळगे त्याच्या मायदेशातल्या दगडांवरही होते. मग काय, नातं जोडायचा मोह! पण विदर्भातली ही वर्तुळं लोहयुगातली, इसवी सनापूर्वी हजार वर्षांच्या आसपास सुरू झालेली. व्हायकिंग आले इसवी सनाच्या आठव्या शतकात. नातं नाही, सवय सारखी.

आणि सवय कुठली, तर घोडा! जवळच्या माहूरझरीला घोड्याच्या तोंडावर बांधायचा तांब्याचा साज मिळाला. तिकडे डेन्मार्कात लाडबीच्या जहाजात सरदारासोबत 11 घोडे पुरलेले. घोडा पुरणं परवडायचं कुणाला? गावातल्या प्रत्येकाला नक्कीच नाही. वर्तुळाचे थोरले दगड ओढून आणायलाही माणसं लागतात. म्हणून मला वाटतं, वर्तुळ हे मेलेल्यासाठी जितकं, तितकंच मागे उरलेल्यांचा मान दाखवायला.

आपल्या नेवाशाला बघा, उलटं. प्रवरेकाठच्या ताम्रपाषाणयुगातल्या लोकांनी मुलांना मडक्यांत घालून घरातच जमिनीखाली पुरलं. हसमुख सांकलियांच्या चमूने 1954 ते 56 मध्ये ते उकरून दाखवलं. वर दगड नाही, खूण नाही.

खूण दिसते, हीच विदर्भातल्या वर्तुळांची अडचण. लिंडहोल्मला वाळूने झाकलं. इथे दगड उघड्यावर, शेताला नि रस्त्याला आयते. एक दगड बांधासाठी हलला की त्याची मूळ जागा गेली, आणि खालची कबर कुठे संपते तेही कळत नाही. पुढच्या वेळी नागपूरला गेलात तर जुनापाणीला थांबा. दगडांवर चढू नका, खळगे बघा.