शेपटी कापण्याआधी शेड बघा

डुकराची पिल्लं एकमेकांच्या शेपट्या चावतात, म्हणून जन्मल्यावर लगेच शेपटीच कापायची, ही मोठ्या फार्मवरची जुनी रीत. माझ्या मते दोष पिल्लाचा नाही, बहुतेक वेळा जागेचा आहे. डुक्कर नाकाने जमीन उकरणारा प्राणी. काही दिवसांचं पिल्लूही पेंढ्यात नाक खुपसतं, काडी चघळतं, भावंडांशी ढकलाढकली करतं. उघड्या काँक्रीटवर किंवा जाळीच्या फरशीवर उकरायला काहीच नसतं. मग तेच नाक, तेच दात शेजाऱ्याच्या कानाशेपटीकडे वळतात. जखमी, धास्तावलेलं पिल्लू नीट खात नाही आणि वाढ अडते. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशात सरसकट शेपटी कापायला मनाई आहे. अंमलबजावणी अनेक देशांत ढिली आहे, हे वाईटच. पण स्वीडन आणि फिनलंडमध्ये शेपट्या न कापता हा व्यवसाय चालतो.

पेंढा आणि मोकळी जागा द्यायची म्हटलं की आक्षेप येतात दोन. पेंढ्याने गटारं तुंबतात, आणि मादी मोकळी ठेवली तर पिल्लं तिच्याखाली चिरडतात. दोन्ही खरे आहेत. पण चिरडण्यामागे अनेकदा थंडी असते. नवजात पिल्लू जेमतेम सव्वा-दीड किलोचं, अंगावर विरळ केस, चरबी नगण्य. त्याला सुमारे ३४ अंशांची ऊब लागते, आईला विशीच्या आसपासचं तापमान बरं वाटतं. गारठलेलं पिल्लू उबेसाठी आईला बिलगतं आणि तिथेच सापडतं. दिवा लावलेला कोरडा कोपरा दिला, तर ते दूध पिऊन तिकडे जाऊन झोपतं. गटारांचं म्हणाल, तर पेंढ्याची कुट्टी करून रोज थोडी थोडी टाकता येते.